नायट्राइट जांभळाच अडकलाय? नवीन टँकचं सायकलिंग मध्येच थांबलं तर काय बघायचं

नवीन टँक लावलाय, मासे न टाकता सायकल करायला घेतलंय (म्हणजे बाटलीतला अमोनिया टाकून असे बॅक्टेरिया वाढवायचे, जे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात), पहिले दोन आठवडे सगळं छान चाललं, अमोनिया भराभर उतरायला लागला, आणि मग एकदम काहीच हलेना. नायट्राइटची टेस्ट रोज तीच गडद जांभळी. आठवडा झाला, दहा दिवस झाले, रंग तोच. त्यात आता अमोनिया पण उतरायचा थांबला. ज्यांच्याकडे हे चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण वर्षभरात ओळखीतल्या चार जणांनी मला हाच प्रश्न विचारलाय आणि त्याआधी माझे स्वतःचे बारा दिवस यातच गेलेत.

सगळ्यात आधी, टँक उपसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. बॅक्टेरिया मेलेले नाहीत. त्यांचं काम थांबलंय, आणि ते का थांबलंय हे दोन टेस्टमध्ये कळतं.

माझा टँक दोन फुटी, 24 बाय 12 बाय 15 इंच. काचेच्या मापाने 70 लिटर होतात, पण खाली वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा धरली की खरं पाणी 55 लिटर. पुण्यात राहतो, नळाला धरणाचं पाणी. त्याच आठवड्यात माझ्या भाच्याने पण तेवढाच टँक लावला, तो पिंपरीकडे राहतो, त्यांच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी. दोघांचा स्पंज फिल्टर सारखा, हीटर सारखा, अमोनियाची बाटली तर एकच, मीच बनवून अर्धी त्याला दिली होती. म्हणून माझा अडकला आणि त्याचा सुरळीत पार पडला तेव्हा मला राहवेना, दोन्हीत फरक काय ते शोधत बसलो, आणि तिथेच उत्तर सापडलं.

अमोनिया म्हणजे आम्ही अमोनियम क्लोराइड वापरलं. कल्हईवाले भांड्यांना कल्हई करताना टाकतात तो नवसागर म्हणजे हेच, पण बाजारातल्या नवसागरात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही म्हणून केमिकलच्या दुकानातून लॅब ग्रेडची छोटी बाटली घ्या, वर्षानुवर्षं पुरते. 10 ग्रॅम पावडर 500 मिली पाण्यात विरघळवायची, मग या पाण्यातलं दर 10 लिटर टँकला 3 मिली टाकलं की साधारण 2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅम, अमोनिया होतो. माझ्या 55 लिटरला 17 मिली. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, दिसायला ते साध्या पाण्यासारखंच दिसतं.

आता माझ्या वहीतल्या नोंदी सांगतो. पहिल्या दिवशी 2 पीपीएम टाकला. नऊ दिवस काहीच नाही, दहाव्या दिवशी नायट्राइटची पहिली झाक दिसली, बाराव्या दिवशी अमोनिया शून्य. मला इतका आनंद झाला की त्या दिवसापासून रोज सकाळी परत 2 पीपीएम टाकायला लागलो, कारण सगळीकडे असंच सांगतात ना की बॅक्टेरियांना उपाशी ठेवू नका. सोळाव्या दिवसापर्यंत असं पाच वेळा टाकलं, आधीचा एक धरून सहा, म्हणजे एकूण 12 पीपीएम. सतराव्या दिवशी बघतो तर आदल्या दिवशीचा अमोनिया तसाच. अठराव्याला तसाच. जो आधी चोवीस तासात संपत होता तो आता 2 वर ठाण मांडून बसला आणि नायट्राइट तर गडद जांभळा, 5 पीपीएमचा, किटच्या कार्डवरचा शेवटचा रंग.

एकोणतिसाव्या दिवसापर्यंत मी वाट बघितली. मधल्या काळात बाटलीतले बॅक्टेरिया आणून टाकले, फिल्टरला दुसरा एअर पंप लावला, लाइट बंद ठेवून बघितला. काही फरक नाही. मग ताईकडे गेलो होतो तेव्हा भाच्याला म्हटलं, अरे तुझं कसं चाललंय, तर तो म्हणाला, "मामा, माझं तर परवाच शून्य आलं दोन्ही. मी शनिवार-रविवारीच टेस्ट करतो, अमोनिया संपलेला दिसला तरच टाकतो." आणि मग त्यानेच विचारलं, "तू केएच बघितलास का?"

नव्हता बघितला. घरी येऊन आधी पीएच केला, टेस्ट पिवळीधमक, म्हणजे किटवरचा सगळ्यात खालचा आकडा 6.0, खरा त्याच्याही खाली असू शकतो. टँक भरला तेव्हा 7.4 होता. केएचच्या टेस्टमध्ये एकेक थेंब टाकत जायचं असतं, पाणी आधी निळं होतं आणि जितक्या थेंबांनी पिवळं पडेल तितकी डिग्री. माझं पहिल्याच थेंबाला पिवळं. नळाचं पाणी मोजलं तर 3 थेंब. भाच्याच्या टँकरच्या पाण्याचे 11.

केएच म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, पीएचला धरून ठेवणारा. अमोनिया खाताना बॅक्टेरिया आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल हा साठा संपवत जातं. हिशोब केला तर 2 पीपीएमच्या एका डोसमागे साधारण 0.65 डिग्री केएच खर्च होतो. माझ्याकडे होते 3. म्हणजे साडेचार डोसात खलास. आणि मी टाकले होते सहा! पीएच 6.5 च्या खाली गेला की हे बॅक्टेरिया सुस्तावतात आणि 6 च्या आसपास जवळजवळ बंदच पडतात, म्हणून अमोनिया बरोबर त्याच टप्प्यावर अडकला. कडक पाणीवाल्या भाच्याकडे 11 डिग्री, त्याला पीएचचा त्रास व्हायचं कारणच नव्हतं.

दुसरी गोष्ट नायट्राइटची, आणि मला वाटतं इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. 1 पीपीएम अमोनियापासून 1 पीपीएम नायट्राइट होत नाही, वजनाने तो 2.7 पट होतो, कारण नायट्रोजनला ऑक्सिजन चिकटतो. माझ्या टँकमध्ये साधारण 9 पीपीएम अमोनिया खाल्ला गेला होता, म्हणजे नायट्राइट 24 च्या आसपास. किट दाखवतं जास्तीत जास्त 5. आता 24 चा उतरून 15 झाला तरी टेस्ट तेवढीच जांभळी, 10 झाला तरी तेवढीच. तुम्ही रोज बघताय आणि म्हणताय हलत नाहीये, पण तो हलतोय की नाही हे तुम्हाला दिसूच शकत नाही.

त्यामुळे पाणी पातळ करून टेस्ट करा. अगदी सोपं आहे, टँकचं 1 मिली आणि पिण्याचं किंवा डिस्टिल्ड 9 मिली एकत्र करायचं, त्यातलं 5 मिली टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, जो आकडा येईल त्याला दहाने गुणायचं. सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज मोजायला छान. माझा रंग 2 आणि 5 च्या मध्ये आला, म्हणजे 20 च्या वर नक्की.

आणि याच टप्प्यावर नायट्रेटच्या टेस्टवर अजिबात विश्वास ठेवू नका. ते किट आतमध्ये नायट्रेटचं नायट्राइट करून मगच रंग दाखवतं, त्यामुळे पाण्यात आधीच भरपूर नायट्राइट असेल तर नायट्रेट पण लालभडक येतो आणि माणसाला वाटतं चला सायकल झाली. माझ्या एका मित्राने याच लाल रंगावर भरवसा ठेवून गप्पी आणले होते, आठ होते, चार दिवसात एकही राहिला नाही. त्याने मला फोन केला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण त्याने कष्ट सगळे घेतले होते, पाच आठवडे थांबला होता बिचारा.

मग मी काय केलं ते सांगतो.

हीटर आणि फिल्टर बंद केला, 80 टक्के पाणी काढलं, अँटीक्लोरीन टाकलेलं ताजं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी परत 80 टक्के. हे ऐकून बरेच जण घाबरतात की एवढं पाणी फेकलं तर बॅक्टेरिया पण जातील. नाही जात. ते पाण्यात तरंगत नसतात, स्पंजला, वाळूला, काचेला चिकटून बसलेले असतात. फक्त फिल्टरचा स्पंज पाण्याबाहेर सुकू देऊ नका, तो खाली उरलेल्या पाण्यात बुडालेला राहू दे. दोनदा बदलल्यावर नायट्राइट 1 च्या आसपास आला, आता टेस्टमध्ये रंग ओळखता येत होता.

मग खायचा सोडा. माझ्या 55 लिटरला सपाट अर्धा चमचा, म्हणजे 3 ग्रॅमच्या आसपास, मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेसमोर ओतला, केएच साधारण दोन डिग्रीने वाढला. खायचा सोडाच हं. धुण्याचा सोडा नाही, पापडखार नाही, बेकिंग पावडर नाही कारण तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं, आणि पोट बिघडल्यावर घेतो ती फ्रूट सॉल्टची पावडर तर नाहीच. पाणी भरल्यावर 3 आणि सोड्याचे 2 मिळून 5 झाले, पीएच दुसऱ्या दिवशी साडेसातला आला. ज्यांना सारखं सोड्याच्या मागे लागायचं नाही त्यांनी जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा बांधून फिल्टरजवळ ठेवला तरी चालतो, कोकणात फिरायला गेल्यावर आणलेले शिंपले गरम पाण्यात स्वच्छ धुऊन कुटायचे. पीएच खाली जायला लागला की ते हळूहळू विरघळत राहतात. फक्त त्याचा परिणाम सावकाश होतो, अडकलेली सायकल सोडवायला सोडाच बरा.

आणि डोस कमी केला. रोज 2 ऐवजी एक दिवसाआड 1. नायट्राइट खाणारे बॅक्टेरिया अमोनिया खाणाऱ्यांपेक्षा उशिरा जोर धरतात, त्यांना दुप्पट व्हायलाच दिवसभर किंवा जास्त लागतो, तोपर्यंत आपण रोज ओतत राहिलो तर डोंगर साचतच जातो. भाच्याचं बरोबर झालं ते यामुळे पण, नुसत्या कडक पाण्यामुळे नाही. तो फक्त सुट्टीच्या दिवशी टाकत होता.

पाणी बदलल्यापासून अकराव्या दिवशी माझा नायट्राइट शून्य. टेस्ट ट्यूबमध्ये स्वच्छ आकाशी निळा रंग. मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवला. एकूण चाळीस दिवस झाले.

तुमच्याकडे लक्षणं थोडी वेगळी असतील तर

सुरुवातीपासून अमोनियाच हलत नसेल तर आधी दिवस मोजा. बाहेरून तयार बॅक्टेरिया आणून घातलेले नसतील तर दोन-तीन आठवडे काही न दिसणं हे काही बिघाडाचं लक्षण नाही. त्यानंतरही नसेल हलत तर अमोनिया 5 पीपीएमच्या वर गेलाय का बघा, जास्त अमोनियाने तेच बॅक्टेरिया दबतात, अर्धं पाणी बदलून 2 वर आणा. थंडीत पुण्यात-नाशकात घरातल्या टँकचं पाणी पण 20-21 पर्यंत उतरतं आणि सगळं निम्म्या वेगाने चालतं, हीटर 28 वर ठेवा, मासे नाहीत तोपर्यंत कोणाला त्रास नाही.

आरओचं पाणी. हे फार होतंय हल्ली. पिण्याच्या फिल्टरचं पाणी शुद्ध म्हणून माशांना चांगलं, असं वाटून लोक आख्खा टँक त्याने भरतात. त्यात केएच जवळजवळ नसतोच, फॉस्फेट नाही, क्षार नाहीत, बॅक्टेरियांना जगायला काहीच नाही. नळाचं पाणी निम्मं तरी मिसळा, आणि चिमूटभर माशांचं खाणं टाका, फॉस्फेट तेवढ्यातून मिळतं.

निळं औषध! टँक विकत घेतला की बऱ्याच दुकानांत सोबत निळ्या औषधाची बाटली देतात आणि सांगतात पाणी भरलं की दहा थेंब टाका. ते मिथिलीन ब्लू. बुरशीवर, अंड्यांवर त्याचा उपयोग आहे, पण ज्या बॅक्टेरियांची आपण वाट बघतोय त्यांना ते मारक आहे. टाकलं असेल तर पाणी बदला, फिल्टरमध्ये दोन-चार दिवस ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, निळी झाक पूर्ण गेल्यावरच दिवस मोजायला सुरुवात करा. अँटिबायोटिकचं पण तेच.

क्लोरीन. नळाच्या पाण्यात क्लोरीन असायलाच पाहिजे, आपल्या आरोग्यासाठीच तो घालतात, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा डोस वाढवतात. पण स्पंज नळाखाली धरून खळखळून धुतला की महिनाभराची मेहनत दोन मिनिटात जाते. स्पंज नेहमी टँकच्याच पाण्यात, बादलीत काढून, हलका पिळायचा. ताजं पाणी अँटीक्लोरीन टाकून किंवा एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवूनच वापरा. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी येणारं पहिलं पाणी मी टँकला घेतच नाही.

लाइट गेली तर घाबरू नका, तास-दोन तासाने काही होत नाही. सहा-आठ तास गेली तर मात्र बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये ऑक्सिजन संपतो आणि आतलं पाणी सडतं. अशा वेळी डबा उघडून आतला मीडिया, म्हणजे बॅक्टेरिया ज्याला चिकटलेले असतात तो माल, टँकच्या पाण्यात काढून ठेवा. स्पंज फिल्टरवाले सुखी, त्यांचा स्पंज टँकमध्येच असतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच.

पाणी दुधासारखं पांढरं झालं असेल तर ते वेगळेच बॅक्टेरिया आहेत, कुजणाऱ्या अन्नावर वाढणारे. काही करू नका, आपोआप निवळतं, त्याचा सायकल पूर्ण होण्याशी संबंध नाही.

बाटलीतल्या बॅक्टेरियाबद्दल सगळे विचारतात. पूर्वी समजायचे की नायट्राइट खाण्याचं काम नायट्रोबॅक्टर करतात, मग 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये तपासून दाखवलं की तिथे ते काम नायट्रोस्पायरा जातीचे करतात. म्हणून बाटलीत योग्य जात आहे का आणि ती दुकानात उन्हाळाभर गरम शेल्फवर तर नव्हती ना, यावर सगळं अवलंबून. त्यापेक्षा कोणाच्या तरी निरोगी, वर्षभर चाललेल्या टँकमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, त्याच टँकच्या पाण्यात बुडवून, पिशवीत हवा ठेवून, तासा-दोन तासात घरी. माझ्या दुसऱ्या टँकला भाच्याकडचा अर्धा स्पंज आणला, बारा दिवसात झालं. फक्त त्या टँकमध्ये नुकताच रोग येऊन गेलेला नाही ना, एवढं विचारून घ्या.

टँकमध्ये आधीच मासे असतील तर

वरचं जसंच्या तसं करू नका, हे कळकळीने सांगतो. अमोनिया टाकायचा नाही हे तर झालंच, पण सोडा पण एकदम टाकायचा नाही. पीएच 6 असताना जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, तो त्या मानाने निरुपद्रवी. पीएच 7 ला विषारी अमोनिया अर्धा टक्का, 8 ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे तुम्ही चांगल्या हेतूने पीएच झपकन चढवला तर तेवढ्याच अमोनियाचं दहा पट विष होतं आणि संध्याकाळपर्यंत मासे तळाशी. आधी रोज थोडं थोडं, 20-25 टक्के पाणी बदलून अमोनिया खाली आणा, मग दोन-तीन दिवसात विभागून केएच वाढवा. खाणं एक दिवसाआड चिमूटभर. नायट्राइट दिसत असेल आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर दर 10 लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ, विरघळवून, मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाऊ देत नाही. नायट्राइट रक्तात गेला की रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहू शकत नाही, म्हणून पाण्यात हवा भरपूर असली तरी ते गुदमरतात.

झालं हे कधी समजायचं

2 पीपीएम टाका, चोवीस तासांनी दोन्ही टेस्ट करा, अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य. सलग तीन दिवस असं आलं की मग मोठं पाणी बदला, 70-80 टक्के, कारण आतापर्यंतचा सगळा नायट्रेट तिथे साचलाय, तो 20 च्या आसपास आणायचा, आणि केएच परत एकदा मोजायचा. मासे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. रविवारी कुर्ल्याच्या बाजारात जायचा बेत असेल तर पाणी शनिवारी रात्री बदला, आणि तोपर्यंत रोजचा डोस चालू ठेवा, पण बदलल्यानंतर टाकू नका.

पहिल्यांदा पाच-सहा झेब्रा डॅनिओ किंवा तेवढ्याच गप्पी, बस. पहिला आठवडा रोज टेस्ट. आणि मऊ पाणीवाल्यांनी केएचची बाटली कपाटात मागे टाकू नका, मासे आल्यावर पण तो साठा दर आठवड्याला थोडा थोडा संपतच असतो, मी अजून दर रविवारी पाणी बदलायच्या आधी मोजतो, 3 च्या खाली दिसला की येणाऱ्या बादलीत पाव चमचा सोडा.